बिल्ला आठचा, मी सहाचा

जरा बोनेट वर करता का? हां, आता कसं मोकळं वाटलं. मी बोलतोय, या लांबलचक निळ्या गाडीचं इंजिन. लोक गाडीच्या अंगावरून हात फिरवतात, आतल्या कातडी सीटवर टेकून बघतात, जाता जाता आरशात केससुद्धा सारखे करतात. पण बोनेट उघडून माझी विचारपूस करणारा विरळाच. मी मात्र सगळ्यांची खबर ठेवतो. पुढे मी, मागे माणसं, मध्ये एक पातळसा पत्रा. कानावर पडायचं ते पडणारच. कान झाकायला मला काय हात आहेत?

आधी घराण्याची ओळख करून देतो, म्हणजे पुढचा घोळ तुम्हाला नीट कळेल.

आम्ही चार भावंडं. चारवाला, मी सहावाला, आठवाला आणि बारावाला. हे आकडे सिलिंडरचे. सिलिंडर म्हणजे एक गोल खोली. तिच्यात पिस्टन वरखाली पळतो, पेट्रोल पेटतं आणि तुमची गाडी चालते. ज्याच्या जितक्या खोल्या, तितकं त्याचं नाव. सरळ हिशेब.

आमचा जन्म भट्टीत झाला असं लोक समजतात. भट्टी नंतरची. खरा जन्म झाला आरेखनाच्या खोलीत, तिरक्या फळीवर ताणलेल्या कागदावर. तिथली मुख्य आरेखक एक काटक बाई होती. तिचे साहेब म्हणाले, "लहान गाडीला एक, मोठीला दुसरं, त्याहून मोठीला तिसरं. इतकी इंजिनं करायची म्हणजे इतके संसार थाटायचे का?" ती म्हणाली, "संसार एकच थाटू. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यात अंतर किती ठेवायचं, तेवढं एकदा ठरवा आणि परत त्याला हात लावू नका. मग खोल्या किती बांधायच्या ते ज्याच्या त्याच्या गाडीवर."

झालं! त्या एका अंतरावरून इतकी भांडणं झाली म्हणता, की वाटणीच्या जमिनीवरून होणार नाहीत. कुणाला ते जास्त हवं, पुढे खोल्या मोठ्या करता येतील म्हणून; कुणाला कमी, इंजिन आखूड होईल म्हणून. बाईनं ऐकलं सगळ्यांचं आणि केलं स्वतःचं. तिचं बरोबर होतं हो. अंतर एक झाल्यावर एकाच यंत्रावर आम्हा सगळ्यांची भोकं पाडता येऊ लागली. पिस्टन तेच, झडपा त्याच, स्पार्क प्लग तोच. थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा थोरल्याला. फक्त अंगावरची झाकणं आणि उभं राहायचे पाय ज्याचे त्याचे.

स्वभाव मात्र वेगळे. चारवाला जात्याच थरथऱ्या. त्याच्या पोटात दोन वजनदार दांडे उलटे फिरवत ठेवावे लागले, तेव्हा कुठे तो सभ्य माणसांत बसायच्या लायकीचा झाला. आठवाला म्हणजे दोन चारवाले तिरके समोरासमोर टेकवून एकाच दांड्याला जुंपलेले. ताकद भरपूर, आवाजही भरपूर. घरात नुसता आला तरी कपबशा वाजाव्यात असा माणूस असतो ना, तसा. बारावाला म्हणजे माझ्यासारखे दोन एका दांड्यावर. तो फार मोठ्या लोकांकडे असतो, आमच्याकडे फारसा फिरकत नाही. एक चुलत भाऊ डिझेलचा, हाडापेरानं मजबूत, सकाळी उठला की घसा खाकरणारा. जिथे हलकं पेट्रोल मिळतं तिथल्यासाठी कमी दाबाचा एक सहावालाही काढला होता. पथ्याचं खाणारा, पण काटक.

आणि मी? स्वतःची स्तुती करू नये म्हणतात. पण दुसरं कुणी करत नसेल तर काय करावं? माझे सहाही जण एका ओळीत उभे. पहिला वर जातो तेव्हा सहावा वर जातो, दुसऱ्याबरोबर पाचवा, तिसऱ्याबरोबर चौथा. पेटायची पाळी मात्र आलटून पालटून. त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्यात जिरतो, बाहेर काही येतच नाही. एकत्र कुटुंब असावं तर असं. भांडण आत, बाहेर शांतता. हे गणित त्या बाईनं मला जन्मतःच दिलं. आठवाल्याला ते वजनं टांगून विकत घ्यावं लागतं, आणि तरी पुरतं जमत नाही.

मला पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या झाकणापर्यंत एकाच माणसानं जुळवलं. गोलमटोल, सतत शीळ घालणारा जुळणीवाला. पहिल्यांदा मला चालू केलं तेव्हा त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या झाकणावर उभी केली. बुंध्यावर, टोक वर. मी चालतोय आणि पेन्सिल उभी! तो शीळ थांबवून म्हणाला, "जा रे बाबा आता. कुणाची झोप मोडू नकोस." हाच माझा आशीर्वाद.

मग जहाज, गोदाम आणि शेवटी काचेच्या भिंतींचं दालन. तिथे मला न्यायला आले बटणवाले. त्यांचा कारखाना बटणांचा, म्हणून सगळं गाव त्यांना बटणवाले म्हणे. बरोबर त्यांच्या बाई आणि बाईंच्या कडेवर तान्ही लेक.

बटणवाले आले होते आठवाला घ्यायला. कारण सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाईंची थोरली बहीण होती, आणि तिच्या नवऱ्यानं, म्हणजे काचेचा व्यापार करणाऱ्या काचवाल्यांनी, महिन्यापूर्वीच आठवाला घेतला होता. दोघे साडू. तुम्हाला साडू असेल तर जास्त सांगायला नको. एकानं गच्ची बांधली की दुसऱ्यानं गच्चीवर झोपाळा लावायचा. एकानं दाढी ठेवली की दुसऱ्याच्या गालाला खाज. गावात या जातीच्या गाड्या येऊन येऊन दोनच आल्या, त्याही या दोघांच्या.

विक्रेत्यानं आधी आठवाला चालू केला. तो गुरगुरला, बटणवाल्यांची छाती फुगली आणि कडेवरच्या लेकीनं असं भोकाड पसरलं की दालनातले सगळे वळून बघू लागले. मग त्यानं मला चालू केलं. लेक हुंदके देत देत गप्प झाली आणि आईच्या खांद्यावर मान टाकून चक्क झोपली. विक्रेत्यानं माझ्या झाकणावर पेन्सिल उभी केली आणि म्हणाला, "साहेब, हे आठवर जमायचं नाही."

"अहो, मला हाच हवा," बाई म्हणाल्या.

"अगं, पण सहाच आहेत."

"सहाच तर सहा. पोरगी झोपली ना? बास."

बटणवाले कारखान्यात वाघासारखे, पण बाईंच्या 'बास'पुढे त्यांचं चालत नसे. त्यांनी मला घेतलं. पण घरी जायच्या आधी विक्रेत्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मागे डिकीवर बिल्ला असतो ना आकड्याचा, तो... आठचा लावून देता?"

आता बोला! बायकोच्या सांगण्यावरून लहान इंजिन घेतलं, असं साडू जन्मभर चिडवेल, एवढीच त्या भल्या माणसाची धास्ती. दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडीला मागून बघितलं. बिल्ल्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"असू दे गं," बटणवाले म्हणाले, "शोभतोय."

बाई काही बोलल्या नाहीत. नवऱ्याची झाकली मूठ बायकोनं उघडायची नसते, असं त्यांना वाटलं असावं. मला विचाराल तर तिथेच उघडायला हवी होती. पण मला विचारतंय कोण!

पुढची वर्षं सोन्यासारखी. लेकीला शाळेत सोडलं, बाईंना दवाखान्यात नेलं, बटणांची खोकी वाहिली. सिग्नलला उभा असलो की बटणवाले दोनदा किल्ली फिरवायचे. मी चालू आहे हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही. माणसांच्या एकेक खोडी मला पाठ झाल्या. गाडीत बसल्यावर माणूस खरं बोलतो, कारण समोर रस्ता असतो, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. फक्त बिल्ल्याबद्दल बटणवाले गाडीतही खरं बोलले नाहीत.

मग आला तो घाट.

दोन्ही घरं एका लग्नाहून परतत होती. पुढे आमची गाडी, मागे काचवाल्यांची. आठवडाभर आधीच काचवाल्यांनी सुचवलेल्या गॅरेजात माझं तेलपाणी झालं होतं, म्हणून मीही खुशीत होतो. चढ सुरू झाला तसा आठवाला मागून घोगऱ्या आवाजात आला, शेजारी आला, आणि काचवाल्यांनी खिडकीतून पांढरा रुमाल हलवला. झालं! बटणवाल्यांनी पाय तळाला टेकवला. मी जीव तोडून धावलो. वळणावळणावर मी त्याला गाठत होतो, सरळ चढावर तो निसटत होता. शेवटी तो पुढे गेला तो गेलाच. दोन खोल्या जास्त असल्यावर जाणारच. त्यात त्याचा मोठेपणा नाही आणि माझा कमीपणा नाही.

पण माथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी काचवाले गाडीला टेकून उभे होते. "काय साडूभाऊ, रस्त्यात झोप काढली की काय? दोघांचं इंजिन एकच ना?"

बटणवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं सांगायची हीच वेळ होती. ते म्हणाले, "तुमच्या त्या गॅरेजवाल्यानं माझं इंजिन बिघडवलं. तुम्हीच सांगितलं असणार त्याला."

म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगणही साडूचं!

"माझ्यावर आळ घेताय?" काचवाल्यांनी हातातला कप बोनेटवर आपटला.

"घेतोय."

थोरलीनं आपल्या धाकट्या बहिणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आमच्या बाई बिल्ल्याला पाठ टेकून उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. थोरली मग काही न बोलता आपल्या गाडीत जाऊन बसली.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. रस्त्यात साडू दिसला की बटणवाले मला गल्लीत वळवायचे. थोरलीच्या घराच्या कोपऱ्यावर आलो की बाई बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि कोपरा गेला की तेच वाक्य पुढे सुरू करायच्या. ही गोष्ट फक्त मला माहीत होती. लेकीला घरात एकच ऐकवलं गेलं: काकांनी बाबांचं इंजिन बिघडवलं.

दिवस गेले. लेक शिकून दातांची डॉक्टर झाली, दुसऱ्या गावी गेली. बटणवाल्यांचे गुडघे दुखू लागले, क्लच दाबवेना. माझ्यावर ताडपत्री पडली. उंदरांनी वायरी चाखून बघितल्या. एक मांजरी बोनेटवर बाळंतीण झाली. मला तेवढीच सोबत. तेल तळाशी बसून काळं पडलं. पण मी खचलो नाही हं. आत सहाही जण जागच्या जागी होते. एकदा कुणी किल्ली फिरवू दे, मग दाखवतो, असं म्हणत मी पडून राहिलो.

किल्ली फिरवली लेकीनं. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्या दिवशी दोघांना याच गाडीतून फिरवून आणायचं तिनं मनात धरलं. हौशी पोर. तिनं घरी बसल्या फोनवरून परदेशातून सगळं सामान मागवलं. कशावरून? डिकीवरच्या बिल्ल्यावरून! मग गाडी ओढून गॅरेजात आणली आणि खोकं मेस्त्रीच्या पुढ्यात ठेवलं.

मेस्त्री हा जाडजूड, हसरा गडी. त्यानं खोकं उघडलं: आठ प्लग, तेल गळू नये म्हणून झाकणाखाली घालायची दोन आखूड गॅस्केटं. मग बोनेट उघडलं. माझ्याकडे बघितलं. परत खोक्याकडे बघितलं.

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "पेशंटचं तोंड न उघडताच कवळी मागवलीत?"

"का? काय झालं?"

"आठचं सामान आणलंत. हे सहा आहेत. मोजा हवं तर."

तिनं मोजले. बोट लावून लावून मोजले. पिवळी पडली बिचारी. "पण गाडी तर आठची आहे! बाबा नेहमी सांगतात."

"मग मधल्या मध्ये कुणीतरी इंजिन बदललं असणार," मेस्त्री बेधडक म्हणाला. माणसाला कारण माहीत नसलं की तो चोर शोधतो. "गाडीचे कागद आणा, नंबर ताडून बघू."

लेकीनं तिथूनच बाबांना फोन लावला. "बाबा, तुमचं खरं ठरलं! काकांच्या त्या गॅरेजात नुसतं बिघडवलं नाही, इंजिनच बदललंय. कागद कुठे आहेत?"

फोनमध्ये कपाटाचं दार करकरलं आणि लगेच बंद झालं. मग आवाज आला, "कागद... सापडत नाहीत गं आत्ता."

मला काय वाटलं असेल! ओरडून सांगावंसं वाटलं, अगं पोरी, तुला झोपवलं ते मीच! पण माझ्या तोंडाला प्लग.

आणि मेस्त्रीनं आणखी तेल ओतलं. "काळजी सोडा बाई. याच घराण्यातला आठवाला माझ्याकडे पडून आहे. काचवाल्यांच्या गाडीतला. गाडी गंजून गेली, इंजिन मात्र ठणठणीत. या गाडीत तो बसतोच. फक्त खालचे पाय बदलायचे. याला काढू, त्याला बसवू. हा सहावाला मग भंगारात."

भंगारात! ऐकलंत ना?

लेकीनं रागाच्या भरात थोरलीच्या घरी फोन लावला. इतक्या वर्षांत पहिलाच. "मावशी, काकांना सांग, उद्या गॅरेजात या. बाबांचं इंजिन कुठे गेलं ते त्यांनाच विचारायचंय." पलीकडून थोरली एवढंच म्हणाली, "येतो. तुझ्या आईलाही आण."

मेस्त्रीनं माझं तेल बदललं, वायरी जोडल्या, लेकीच्या आठातले सहा प्लग मला घातले. घातले आणि चपखल बसले. शेवटी घराण्याचेच ना. दोन उरले. मग त्यानं आठवाल्याला लोखंडी घोडीवर ठेवून माझ्या शेजारी आणलं. कितीतरी वर्षांनी भाऊ भेटला. रुंद छाती, धुळीनं माखलेला, दोन प्लग कुणीतरी काढून नेलेले.

"काय रे," तो म्हणाला, "तुझ्या जागी मला बसवणार म्हणे."

"बसवतील. तुझा दोष नाही."

"मला नको ती जागा," तो म्हणाला. "घाटात मी पुढे गेलो ना, तेव्हा वाटलं जिंकलो. पण त्या दिवसानंतर माझ्या गाडीत पुढच्या सीटवरून कधी गप्पा ऐकू आल्या नाहीत. थोरली नुसती खिडकीबाहेर बघायची."

 मेस्त्रीनं दिवा मालवला आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. काचवाले काठी आपटत आले. थोरली मागून, खुर्ची शोधत. बटणवाले दारातच थबकले. बाई मध्ये उभ्या. माझ्या डोक्यावर साखळीचा गळ लोंबत होता.

"मी चोर?" काचवाले कडाडले. "अहो, माझं स्वतःचं आठचं होतं, तुमचं काय चुलीत घालायला नेऊ? मेस्त्री, आता हे माझंच इंजिन यांच्या गाडीत घाला. घाला एकदाचं, होऊ दे शांत जीव! पण मला चोर म्हणायचं नाही."

"बसवा मेस्त्री," लेक म्हणाली. "बाबांना त्यांचे आठ परत मिळू देत."

आता खरी कसोटी. बटणवाल्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. बिल्ला खरा झाला असता. साडूचंच इंजिन आपल्या बोनेटखाली आलं असतं, साडू कायमचा चोर ठरला असता, आणि खोटं बोलल्याचा जिवंत पुरावा, म्हणजे मी, भंगारात वितळून गेलो असतो. इतका सोपा मोका देवसुद्धा देत नाही. बटणवाल्यांनी मान वळवली. मेस्त्रीनं गळ माझ्या कडीत अडकवला.

तेव्हा बाई बोलल्या. "अहो, काढायचंच असेल तर काढा. पण एकदा चालू तर करा. इतकी वर्षं सेवा केली त्यानं. निरोप तरी नीट द्या."

मेस्त्रीनं किल्ली फिरवली. दोन आचके दिले, काळा धूर सोडला, आणि मग बसलो ना लयीत! पहिल्याबरोबर सहावा, दुसऱ्याबरोबर पाचवा. बाई पुढे आल्या. मेस्त्रीच्या कानावरची पेन्सिल त्यांनी विचारल्याशिवाय काढून घेतली आणि माझ्या झाकणावर उभी केली.

पेन्सिल उभी राहिली.

मी आयुष्यात इतका सांभाळून कधी चाललो नव्हतो. बटणवाले त्या पेन्सिलीकडे बघत राहिले. मग लेकीकडे बघितलं. ती पांढऱ्या कोटात, हात घडी घालून, कपाळाला आठ्या घालून उभी.

"साखळी काढा," ते म्हणाले.

"काय?"

"साखळी काढा मेस्त्री. हे माझंच इंजिन आहे. पहिल्या दिवसापासून हेच." ते साडूकडे वळले. "बिल्ला मी लावून घेतला. हिला हा आवडला, पोरगी याच्या आवाजानं झोपली, म्हणून घेतला. आणि मग तुम्ही हसाल म्हणून भ्यालो साडूभाऊ. घाटात तुमच्यावर आळ घेतला तो... खोटा होता."

 लेकीचे हात घडीतून सुटले. फक्त माझा आवाज, तोही असून नसल्यासारखा.

काचवाल्यांची मान लाल झाली. आता काठी उगारतात की काय असं मला वाटलं. ते माझ्याजवळ आले, वाकले, एकेक करत मोजलं. "सहा," ते म्हणाले. मग वळले. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही सहावर होतात?"

"हो."

"आणि वळणावर माझ्या दाराला दार लावलं होतंत?"

"हो."

"अहो, मी पाय तळाला टेकवून बसलो होतो! ही ओरडत होती, मारताय का म्हणून! मला वाटलं, याचे आठ माझ्या आठाहून भारी आहेत की काय. वर्षभर मी मेस्त्र्यांना विचारत फिरलो, माझं इंजिन दमतंय का म्हणून!" आणि तो माणूस काठीवर डोकं टेकून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. "गाढवा," ते म्हणाले. इतक्या वर्षांचं 'तुम्ही' एका शब्दात गळून पडलं. "तेव्हाच सांगायचं होतंस की रे. मी जेवणाच्या पंगतीत बसवून मिरवलं असतं तुला."

थोरली मात्र हसली नाही. ती खुर्चीत बसून बहिणीकडे बघत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुझ्या गाडीत बसले तेव्हा. माझ्या गाडीत सीटखालून गुरगुर लागायची, तुझ्यात काही नाही. दोन्ही सारखी कशी असतील?"

"मग तू तिथे बोलली का नाहीस, ताई?"

"तुझं गुपित मी कसं उघडू? मी तुझी वाट बघत होते. तिथे नाही, तर घरी येऊन सांगशील. आज येईल, उद्या येईल. एका बहिणीला दुसरीनं एवढं तरी सांगावं ना गं."

बाई तिच्या खुर्चीपाशी खाली बसल्या, तेलाच्या डागांवर, नव्या साडीनिशी. "यांचं तोंड जपायला गेले," त्या म्हणाल्या, "आणि तुझं तोंड बघायची चोरी झाली."

थोरलीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "ऊठ. साडी खराब होतेय." मोठ्या बहिणीची माफी ही अशीच असते.

मेस्त्री नाक ओढत म्हणाला, "बंद करू का हो इंजिन?"

"चालू आहे?" लेक म्हणाली. ती ऐकतच राहिली. मग हळूच बोनेटवर तळहात ठेवला. मला ओळखलं की नाही, कोण जाणे. पण हात बराच वेळ काढला नाही.

बिल्ला त्याच दिवशी निघाला. गंमत बघा, इतकी वर्षं त्याच्याखाली ऊन लागलं नव्हतं, म्हणून तिथला निळा रंग गडदच राहिला. डिकीवर आठची सावली अजून आहे. बटणवाले म्हणतात, राहू दे. उरलेले दोन प्लग मेस्त्रीनं आठवाल्याच्या रिकाम्या भोकांत घातले. तेही चपखल बसले. माझ्या झाकणाला सहाचं गॅस्केट आलं. आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी चौघांना घेऊन तोच घाट चढलो. लेक चालवत होती, मागे दोघी बहिणी इतक्या बोलत होत्या की दोघा साडूंना शब्द टाकायला फट मिळेना.

आठवाल्याचं काय झालं म्हणता? काचवाल्यांनी त्याला घरी नेलं, घासून चकचकीत केलं आणि वर जाड काच बसवून त्याचं टेबल केलं. व्हरांड्यात असतो. दोघी बहिणी त्याच्यावर चहाचे कप ठेवतात. आता कपबशा वाजत नाहीत. तो म्हणतो, "इतकं ऐकायला मला चालू असताना कधी मिळालं नाही."

मी अजून चालू आहे. आमच्या घराण्याचे दिवस सरत आले, हे मला कळतं. नव्या गाड्यांत पिस्टन नाही, धूर नाही, माझ्यापेक्षाही कमी आवाज. येऊ देत, मला त्यांचा मत्सर नाही. माझं एकच मागणं आहे: तुमच्या घरी एखादी गाडी असेल, माणूस असेल, मागचा बिल्ला वाचून थांबू नका. एकदा बोनेट उघडून बघा. कमी निघालं तर निघालं. कमी म्हणजे वाईट नव्हे.

काल संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून बटणवाल्यांनी स्वतः मला थोरलीच्या दारात उभं केलं आणि बाईंची वाट बघत बसले. काचवाले काठी टेकत बाहेर आले, खिडकीशी वाकले आणि बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"बंद केलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही," बटणवाले म्हणाले. "चालू आहे."

"हं," काचवाले म्हणाले. आणि पलीकडचं दार उघडून शेजारी येऊन बसले.